दुखण्याआधीची भेट : मुलांच्या दातांची नियमित तपासणी कशी करून घ्यावी

मूल दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जातं ते बहुतेक घरांत रात्री रडत उठल्यानंतर. तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. सहा-आठ महिने आधी तोच दात दाखवला असता तर फ्लोराइड वार्निशचा (दात वाचवणाऱ्या लेपाचा) एक थर किंवा दात भरायचं थोडंसं सिमेंट पुरलं असतं. आता नसेवरचे उपचार, वर कॅप, आणि मुलाच्या मनात त्या खुर्चीची कायमची धास्ती. मुलांचा दात दुखतो तो किडीच्या शेवटच्या टप्प्यात. त्यामुळे दुखायची वाट बघत बसलात तर सोपा उपाय करायची वेळ हमखास निघून जाते.

पडायचेच दात, मग कशाला?

दुधाचे दात एकूण २०. त्यातले पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, म्हणून सगळेच दात लवकर जाणार असं वाटतं. दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी दाढेला कीड लागली तर पुढची सहा-सात वर्षं मुलाला त्याच दाढेने जेवायचं आहे.

दुधाच्या दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कडक आवरण, पक्क्या दातापेक्षा पातळ आणि आतली नस तुलनेने मोठी असते. त्यामुळे मोठ्यांच्या दातात जी कीड नसेपर्यंत जायला वर्षं घेते, ती मुलांच्या दातात काही महिन्यांत जाऊ शकते. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते आणि तो डागाळलेला किंवा खडबडीत येतो. दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागचे दात पुढे सरकतात, जागा आखडते, आणि पुढे तारेचे उपचार लांबतात.

पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुधा खालचा मधला. तो आल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दाखवावं. इतक्या लहान बाळाचं बघणार काय, असं आजी-आजोबांना वाटणं साहजिक आहे. खरं तर या भेटीत बाळापेक्षा आईबाबांशीच जास्त बोलणं होतं: दात कशाने पुसायचे, पेस्ट किती, रात्रीचं दूध कसं, बाटली कधी सोडायची.

एखाद्या बाळाचे वरचे दात आधी येतात आणि ‘मामाला जड’ म्हणून घरात कुजबुज सुरू होते. दात येण्याचा क्रम मुलागणिक थोडा बदलतो, त्यातून काहीही बिघडत नाही. दीड वर्ष झालं तरी एकही दात दिसत नसेल तर मात्र दाखवून घ्या. जन्मतःच दात असेल आणि तो हलत असेल किंवा दूध पिताना जिभेला टोचत असेल तर थांबू नका.

बाळ एकटं खुर्चीत बसत नाही, म्हणून तपासणी मांडीवर होते. डॉक्टर आणि आई समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघे टेकवून. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं, त्याचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे आडवं करून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवायचं. आईने बाळाचे हात धरायचे आणि त्याच्या नजरेसमोर राहायचं. बाळ रडेल. रडताना तोंड उघडं राहतं, तपासणी दोन मिनिटांत उरकते, आणि उठून बसलं की बहुतेक बाळं शांत होतात. रडलं म्हणून भेट फसली असं समजू नका.

या वयातलं सर्वात मोठं नुकसान रात्रीच्या बाटलीने होतं. झोपेत लाळ कमी सुटते, आणि साखर घातलेलं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे पुढचे दात जिभेमुळे आणि लाळेमुळे वाचतात. म्हणूनच वरचे चार दात काळे पडलेले आणि खालचे स्वच्छ, असं चित्र दिसतं. दूध झोपण्याआधी पाजा, मग दात पुसा, आणि त्यानंतर फक्त पाणी. चोखणीला मध लावून देण्याची सवय दोन कारणांनी वाईट: एक कीड, आणि दुसरं म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

घरी महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कीड ओळखण्याचं काम घरीच होतं. त्याला साहित्य लागत नाही, फक्त चांगला उजेड लागतो. रात्री ब्रश झाल्यावर मुलाला मांडीवर डोकं ठेवून आडवं करा आणि मोबाइलचा टॉर्च तोंडावर धरा. अंगठ्याने आणि तर्जनीने वरचा ओठ उचला आणि दात हिरडीला जिथे मिळतो ती रेघ बघा. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही. म्हणून स्वच्छ सुती फडक्याने दात टिपून कोरडा करा आणि मग बघा.

हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज पट्टी दिसली तर ती किडीची पहिली खूण. इथे इनॅमलमधले क्षार निघून गेलेले असतात, पण खड्डा पडलेला नसतो. या टप्प्यावर फ्लोराइड आणि खाण्यात बदल केला तर कीड तिथेच थांबते, कधी पट्टी फिकटही होते. पिवळट किंवा तपकिरी आणि बोटाला खरखरीत लागणारा डाग म्हणजे पुढचा टप्पा, तो आठवड्याभरात दाखवावा. लोहाच्या थेंबांनी दातावर काळे डाग पडतात. ते वरवरचे असतात आणि पॉलिश करून निघतात. पण हे डाग आहेत की कीड, हे घरी ठरवू नका.

पुढचे दात झाले की मागे जा. मुलाला ‘आऽऽ’ करायला सांगून दाढांच्या माथ्यावरच्या खाचा बघा. मग दोन दाढांच्या मधल्या फटीकडे बघा. तिथे दाढेचा कडा आतून राखाडी, सावलीसारखा दिसत असेल तर आत कीड असण्याची दाट शक्यता आहे. शेवटी हिरडीवर बारीक पुळी आहे का बघा. ती अनेकदा दुखत नाही आणि फुटून पुन्हा भरते. तिथे मुळाशी पू आहे हे नक्की समजा. दुखत नाही म्हणून सोडून दिलेली पुळी हे डॉक्टरकडे उशिरा येण्याचं एक नेहमीचं कारण.

जेवताना लक्ष ठेवलं तरी बरंच कळतं. मूल एकाच बाजूने चावतं, पोळीचा घास गालात धरून ठेवतं, थंड पाणी नको म्हणतं, मांसाहार किंवा पेरू टाळायला लागतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘दात दुखतो’ असं नेमकं सांगता येत नाही. ते फक्त जेवायला कटकट करतं.

डॉक्टरकडे नेण्याआधी

वेळ सकाळची घ्या. दुपारी झोपेच्या वेळी किंवा शाळेतून थकून आल्यावर कुठलंच मूल सहकार्य करत नाही. जाण्याआधी तासभर हलकं खायला द्या. अगदी भरल्या पोटी नेऊ नका, आरशाच्या स्पर्शाने काही मुलांना उलटी होते. सोबत एकच मोठं माणूस पुरे. आजी, मावशी, दोन्ही आईबाबा असे चौघे एकदम बोलायला लागले की मूल डॉक्टरांचं ऐकतच नाही.

मुलाशी बोलताना ‘दुखणार नाही’, ‘सुई नाही देणार’, ‘घाबरू नको’ ही वाक्यं टाळा. ‘दुखणार नाही’ ऐकल्यावर दुखण्याचा विचार पहिल्यांदा मनात येतो. ‘डॉक्टर तुझे दात मोजणार, छोट्या आरशात बघणार’ एवढं पुरे. आणि घरात हट्ट केल्यावर ‘थांब, डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शनच देते’ ही धमकी कायमची बंद करा. त्या एका वाक्याने पुढची चार वर्षं बिघडतात.

सोबत लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांची नावं आणि आधीचे एक्स-रे असतील तर ते न्या. हृदयाचा जन्मजात आजार, रक्त न गोठण्याचा त्रास, फिट, दमा किंवा औषधाची अॅलर्जी असेल तर ते आधीच फोनवर सांगा. हृदयाच्या काही आजारांत दातांच्या कामाआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. तो बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरतो.

नेहमीचे बीडीएस डॉक्टर मुलांची साधी तपासणी करू शकतात. मूल फार लहान असेल, घाबरत असेल किंवा नसेवरचे उपचार निघाले असतील तर बालदंतरोगतज्ज्ञ गाठावेत. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करून ते मुलांच्याच दातांचं काम शिकलेले असतात.

तपासणीत काय काय व्हायला हवं

चांगली तपासणी पंधरा-वीस मिनिटांची असते. आधी खाण्याबद्दल, ब्रशबद्दल, आजारांबद्दल विचारपूस. मग ओठ, गाल, जीभ, टाळू, हिरड्या. मग दात एक-एक करून. यात हवेचा फवारा मारून दात कोरडा करणं फार महत्त्वाचं, कारण पांढरे डाग कोरड्या दातावरच दिसतात. दात न सुकवता नुसता टॉर्च मारून ‘सगळं छान’ असं सांगितलं, तर ‘एकदा सुकवून बघता का?’ असं विचारायला संकोच करू नका. टोकदार सळईने खाचेत जोर लावून टोचण्याची गरज नसते. सुरुवातीच्या डागाला त्याने खड्डा पडू शकतो.

पुढे जबडा. वरचे-खालचे दात नीट बसतात का, एका बाजूला जबडा सरकतो का, जागा पुरेल का. साधारण सातव्या वर्षी तारेच्या दृष्टीने एकदा नजर टाकून घ्यावी. तार तेव्हाच लावायची असते असं नाही, पण उलटा चावा (खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसणं) किंवा अंगठा चोखल्यामुळे पुढे आलेले दात या वयात सोप्या उपायांनी आटोक्यात येतात. अंगठा चोखणं तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत सुटलं तर दात बहुतेक आपोआप सावरतात. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर तेही सांगा. दातांच्या रचनेवर त्याचा परिणाम होतो आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं लागू शकतं. रात्री दात खाल्ले की जंतांचं औषध देऊन गप्प बसण्याची पद्धत आपल्याकडे आहे. जंतांचं औषध बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वेळेवर द्यावंच, पण दात झिजलेत का हे दातांच्या डॉक्टरांनाच बघू द्या.

एक्स-रे प्रत्येक भेटीत लागत नाही. दुधाच्या दाढा एकमेकींना घट्ट टेकल्या की मधल्या फटीत लागलेली कीड डोळ्यांना दिसत नाही. ती फक्त दाढांच्या बाजूने घेतलेल्या छोट्या एक्स-रेत कळते. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये ही लपलेली कीड फार सापडते. म्हणून दाढा टेकलेल्या असतील आणि मुलाला किडीचा धोका जास्त असेल तर एक्स-रे मागितला म्हणून शंका घेऊ नका. उलट, कीड नाही, दुखत नाही, मधल्या फटी मोकळ्या आहेत, तरी दर भेटीला एक्स-रे काढला जात असेल तर कारण विचारा.

सहा वर्षांची दाढ

तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग विचाराल तर हाच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते, वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे घरात कुणाला ती आल्याचं कळतच नाही, आणि दिसलीच तर दुधाची समजून दुर्लक्ष होतं. ही पक्की दाढ आहे, आयुष्यभराची. संपूर्ण चावा तिच्यावर बेतलेला असतो. आणि पक्क्या दातांमध्ये सर्वात लवकर किडणारी तीच.

कारण साधं आहे. दाढ पूर्ण वर यायला काही महिने जातात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, अर्धी हिरडीखाली झाकलेली, आणि सरळ घासलेला ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. वरचं इनॅमल नवं, अजून पुरतं घट्ट झालेलं नसतं. माथ्यावरच्या खाचा ब्रशच्या केसाहून बारीक असतात. बिस्किटाचा चोथा तिथे एकदा बसला की निघत नाही.

उपाय दोन. पहिला घरचा: पाच वर्षं झाली की दर महिन्याला शेवटच्या दाढेच्या मागे बोट फिरवून बघा. टणक टोक लागलं की ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून फक्त त्या दाढेवर आठ-दहा वेळा मागे-पुढे करा. मुलाचं तोंड फार मोठं उघडलं तर गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही. म्हणून तोंड अर्धंच मिटायला सांगा.

दुसरा उपाय सीलंट. खाचांवर पातळ प्लास्टिकसारखा थर बसवून त्या बंद करायच्या. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, एका दाढेला पाच-सात मिनिटं. आधी ब्रशने खाच साफ करतात, मग फॉस्फोरिक आम्लाची निळसर जेल १५ ते ३० सेकंद लावून धुतात, दाढ पूर्ण कोरडी करतात. कोरडी झाल्यावर ती खडूसारखी पांढरी दिसायला हवी. मग द्रव सीलंट खाचेत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. शेवटी चावून बघायला लावतात आणि उंच वाटला तर थोडा घासतात.

सीलंट निसटतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: जेल धुतल्यानंतर लाळ लागली. मूल जीभ हलवतं, कापसाची गुंडाळी भिजते, आणि तेवढ्यात सीलंट लावला जातो. म्हणून सोबत मदतनीस असणं आणि लाळ ओढणारी नळी सतत चालू असणं गरजेचं. दाढ अर्धी हिरडीखाली असेल आणि ती कोरडी ठेवणं शक्य नसेल तर तात्पुरतं ग्लास आयनोमर सिमेंट लावतात आणि दाढ पूर्ण आली की नेहमीचा सीलंट. लावून विसरून जायची ही गोष्ट नाही. दर सहा महिन्यांनी कडा तुटलीय का ते बघून घ्यावं, कारण अर्धवट तुटलेल्या सीलंटखाली कीड लपते. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी पक्की दाढ येते. तिच्यासाठीही हेच.

फ्लोराइडचं माप

पहिला दात आला की दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट मुलांसाठी नाही. ट्यूबवर फ्लोराइड किती आहे ते वाचा. १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) असेल तर ते पुरेसं संरक्षण देतं. मुलांच्या काही पेस्टमध्ये ५०० पीपीएम किंवा त्याहून कमी असतं, तर काहींत फ्लोराइडच नसतं आणि फक्त चव गोड असते. पेस्ट लावून झाल्यावर थुंकायचं, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं ब्रशिंग मोठ्यांनीच करावं. दोन दात एकमेकांना टेकले की फटीत फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा, फिरवावा.

मिश्री मात्र मुलांच्या दाताला कधीच लावू नये. तो तंबाखू आहे.

डॉक्टरकडे लावतात ते फ्लोराइड वार्निश वेगळं, ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं. ब्रशने दातावर पातळ थर देतात, लाळ लागली की ते घट्ट होतं. दात थोडे पिवळट दिसतात, तो रंग ब्रश केल्यावर जातो. लावल्यानंतर चार ते सहा तास कडक किंवा गरम खाणं नको आणि त्या रात्री ब्रश नको, दुसऱ्या दिवशी सकाळी करावा. धोका जास्त असलेल्या मुलांना दर तीन महिन्यांनी, इतरांना दर सहा महिन्यांनी.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर पांढरे किंवा तपकिरी ठिपके दिसले तर पाण्याची तपासणी करून घ्या. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर पिण्यासाठी पाणी बदलावं, आणि पेस्ट, वार्निश डॉक्टरांना विचारूनच.

पुढची तारीख कशी ठरते

बहुतेक मुलांना सहा महिन्यांचं अंतर योग्य. पण ते सगळ्यांना सारखं नसतं. आधी कीड होऊन गेली आहे, पांढऱ्या पट्ट्या दिसतात, तार लावलेली आहे, आईच्या किंवा मोठ्या भावंडांच्या दातांत बरीच कीड आहे, गोड सिरप रोज चालू आहे, अशा मुलांना तीन महिन्यांनी बोलवावं. दम्याचा पंप घेणाऱ्या मुलाने प्रत्येक वेळी चूळ भरावी. सगळं नीट असलेल्या मोठ्या मुलाला डॉक्टर वर्षानेही बोलावू शकतात.

खाण्याबद्दल डॉक्टर हमखास विचारतील ते हे, की मूल किती वेळा खातं. गोड किंवा पिठूळ काही तोंडात गेलं की जंतू त्यातून आम्ल तयार करतात आणि पुढचा अर्धा तास दात त्याचा मारा सोसतो. म्हणून जेवणानंतर एकदम खाल्लेला पेढा, दुपारभर अधूनमधून चघळलेल्या पाच गोळ्यांपेक्षा बरा. चिक्की, चिकट टॉफी, बिस्किटं आणि बटाट्याचे वेफर्स दाढांत चिकटून बसतात. बोरन्हाणाच्या लुटीतल्या गोळ्या आठवडाभर पुरवून खाऊ घालू नका, एका बैठकीत संपवा. पाच वर्षांखालच्यांना कडक गोळ्या देऊच नका, त्या घशात अडकतात.

उपचार निघाले तर

लहान खड्डा सिमेंटने भरतात. मूल फार लहान असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध खड्ड्यावर लावून कीड थांबवता येते. ड्रिल नाही, पण किडका भाग कायमचा काळा होतो. हे आधी सांगितलेलं असावं. नसेपर्यंत गेलेल्या दाढेत नसेचा वरचा भाग किंवा पूर्ण नस काढून औषध भरतात आणि वर स्टीलची कॅप बसवतात. मोठं सिमेंट वारंवार तुटतं, कॅप दाढ पडेपर्यंत टिकते, आणि दाढ पडली की तीही पडते.

सुन्न करण्याचं इंजेक्शन दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात आणि संध्याकाळी मोठी जखम दिसते. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका, मुलाजवळ बसा. दाढ काढावी लागली तर जागा राखणारं तारेचं कडं बसवतात. ते सैल झालं तर तुकडा जपून ठेवा आणि लगेच जा, नाहीतर जागा आखडते.

एका बैठकीत दहा दातांचे उपचार सुचवले गेले तर घाई करू नका. आरशात किंवा फोटोत प्रत्येक दात दाखवायला सांगा, कुठलं काम आधी आणि का ते विचारा. तितकंच सावध राहा ‘दुधाचा आहे, पडेल, राहू द्या’ म्हणणाऱ्यापासून.

ताबडतोब निघायचं तेव्हा

दाताच्या बाजूने गाल सुजला, ताप आला, डोळ्यापर्यंत सूज चढली, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास होतो, तर क्लिनिकची वेळ बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. अँटिबायोटिकने सूज उतरते आणि बरेच पालक तिथेच थांबतात. दातातला पू तसाच असतो, पुढच्या वेळी सूज अधिक जोरात येते. हिरडीवर लवंगेचं तेल ओतू नका, त्वचा भाजते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणे, अॅस्पिरिन मुळीच नको.

खेळताना पक्का पुढचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा वाहत्या गार पाण्यात दहाएक सेकंद नुसता धरा, घासू नका. मूल शुद्धीवर आणि सहकार्य करत असेल तर तो लगेच खोबणीत परत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दुधात बुडवून न्या, नुसत्या पाण्यात ठेवू नका. अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचलात तर दात वाचण्याची शक्यता सर्वात जास्त. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

खर्चाचा प्रश्न असेल तर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. २०१३ मध्ये हा कार्यक्रम पालघर येथूनच सुरू झाला, आणि त्याच्या यादीत दातांची कीड आहे. तपासणीच्या दिवशी मूल शाळेत गैरहजर राहू देऊ नका आणि पथकाने दिलेली चिठ्ठी जपून ठेवा. तिच्या आधारे पुढे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. ही चाचणी प्राथमिक स्वरूपाची असते. दात सुकवून बघितले जात नाहीत, म्हणून ‘ठीक’ असा शेरा मिळाला तरी स्वतंत्र तपासणी टाळू नका.

सरकारी दंत महाविद्यालयांत बालदंतरोग विभागात तपासणी आणि उपचार खासगीपेक्षा बऱ्याच कमी दरात होतात. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. ओपीडीला सकाळी लवकर जावं, आणि मूल लहान असेल तर खाऊ व आवडीचं पुस्तक सोबत घ्यावं, थांबावं लागतं.

घरी आल्यावर लसीकरणाच्या कार्डाच्या मागे चार गोष्टी टिपून ठेवा: तपासणीची तारीख, कुठल्या दातावर सीलंट किंवा वार्निश लावलं, कुठल्या दातावर नजर ठेवायची, आणि पुढची तारीख. डॉक्टर बदलले किंवा गाव बदललं तरी पुढच्याला या चार ओळी पुरतात.